पॅकिंग कोणी शिकवलं? सोलापुरातल्या एका ब्रॅकीथेरपीचं प्रकरण

हे प्रकरण सोलापुरातल्या एका रुग्णालयाच्या किरणोपचार विभागातलं आहे. रुग्ण, डॉक्टर आणि रुग्णालय ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि हिशेब सोपा जावा म्हणून मात्रेचे आकडे ठोकळ घेतले आहेत. घटनेनंतर विभागाने आढावा घेतला, त्या बैठकीला मी बाहेरची डॉक्टर म्हणून बसले होते. रुग्णाला इजा झाली नाही. तरीही लिहिते आहे, कारण ती इजा टळली ती विशेषज्ञ होऊ घातलेल्या डॉक्टरच्या शिक्षणामुळे नव्हे. एका मेडिकल फिजिसिस्टने, म्हणजे किरणांची मात्रा मोजून आखणाऱ्या तज्ज्ञाने, प्लॅन पुढे पाठवायला नकार दिला, म्हणून टळली.

रुग्ण

अक्कलकोट तालुक्यातली पन्नाशीची बाई. विड्या वळणारी. घरात कन्नड, मराठी समजते पण बोलताना अडखळते. पाळी बंद होऊन काही वर्षं झाल्यावर पुन्हा अंगावरून लाल जायला लागलं, ते बरेच महिने तिने लपवलं. सुनेच्या लक्षात आलं तेव्हा तपासणी झाली. गर्भाशयमुखाचा कर्करोग, टप्पा तीन-बी, म्हणजे गाठ ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत पोचलेली. या टप्प्यावर शस्त्रक्रियेचा उपयोग नसतो. मूत्रपिंडं चांगली होती, त्यामुळे सिसप्लॅटिन हे केमोथेरपीचं औषध देता येणार होतं.

उपचार ठरले ते नेहमीचेच. पाच आठवड्यांत २५ बैठकांमध्ये बाहेरून ५० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक), सोबत आठवड्याला एकदा सिसप्लॅटिन, आणि नंतर ब्रॅकीथेरपी, म्हणजे आमच्याकडचे रुग्ण ज्याला ‘आतला शेक’ म्हणतात तो, ७ ग्रेचा चार वेळा. सगळं आठ आठवड्यांच्या आत संपवायचं, कारण त्यापुढे लांबणारा प्रत्येक दिवस रोग आटोक्यात येण्याची शक्यता कमी करतो. खर्च महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेतून.

या उपचाराला भक्कम आधार आहे, आणि तोही आपल्याकडचा. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने तीन-बी टप्प्यातल्या ८५० स्त्रियांवर केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. नुसते किरणोपचार घेतलेल्यांपैकी पाच वर्षांनी सुमारे ४६ टक्के हयात होत्या, किरणोपचारांसोबत सिसप्लॅटिन घेतलेल्यांपैकी ५४ टक्के. मात्र किरणोपचार म्हणजे बाहेरचे अधिक आतले, हे त्यात गृहीत आहे. नुसत्या बाहेरच्या किरणांनी एवढी मोठी गाठ जात नाही. ती जाईल इतकी मात्रा बाहेरून द्यायची तर आतडं आणि मूत्राशय जळतील. म्हणून किरणोत्सर्गी इरिडियमचा बारीक तुकडा, म्हणजे सोर्स, नळीतून थेट गर्भाशयात नेतात. सोर्सपासून अंतर वाढलं की मात्रा झपाट्याने उतरते, त्यामुळे गाठीला भरपूर मिळतं आणि शेजारचे अवयव वाचतात. एकदम दिलेल्या मोठ्या मात्रेचा परिणाम जास्त होतो, म्हणून चार वेळा ७ ग्रे म्हणजे रोज २ ग्रेच्या हिशेबात गाठीला सुमारे ४० ग्रे. बाहेरचे ५० धरून ९०. आज जगभर किमान ८५चं लक्ष्य मानतात.

शेजारचे अवयव वाचतात हे खरं, पण नळ्या जिथे असायला हव्यात तिथे असतील तरच.

त्या दिवशी काय झालं

स्पायनल, म्हणजे पाठीतून भूल, देऊन रुग्णाला टेबलवर घेतलं. तिसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरने फोलीज (लघवीची नळी) घातला, गर्भाशयात टँडम (सोर्सची मधली लांब नळी) नेला, गर्भाशयमुखाच्या दोन्ही बाजूंना ओव्हॉइड (बाजूच्या नळ्यांची गोलसर टोकं) बसवले आणि हा सगळा संच, म्हणजे अॅप्लिकेटर, जागेवर राहावा व मूत्राशय आणि मलाशय त्यापासून लांब राहावेत म्हणून गॉजचं पॅकिंग केलं. सिस्टर मदतीला होत्या. कन्सल्टंट ओपीडीत होते. प्लॅन तयार झाला की ते स्क्रीनवर पाहून सही करणार, अशी तिथली पद्धत होती. सोर्स जुना झालेला होता. इरिडियमचा अर्धा जोर साधारण ७४ दिवसांत जातो, तितका काळ झाला की त्याच मात्रेला दुप्पट वेळ लागतो. त्या दिवशी आणखी रुग्ण रांगेत होते, त्यामुळे सगळ्यांनाच घाई होती.

सीटीच्या प्रतिमा फिजिसिस्टने उघडल्या. टँडम बरोबर गर्भाशयाच्या पोकळीत होता. ओव्हॉइड मात्र गर्भाशयमुखाला टेकलेले नव्हते, दीडेक सेंटिमीटर खाली घसरलेले होते. गॉज पुढच्या बाजूला, मूत्राशयाच्या खाली, चांगला भरलेला. मागे, मलाशयाच्या बाजूला, जवळपास काहीच नव्हतं. काही गॉज ओव्हॉइडच्या वर जाऊन बसला होता आणि त्यानेच ते खाली ढकलले होते. मलाशय ओव्हॉइडला जवळजवळ चिकटलेलं होतं.

फिजिसिस्टने सोर्स थांबण्याच्या जागा आणि वेळा बदलून पाहिल्या. मलाशयाची मात्रा उतरवली की गाठीची मागची बाजू उपाशी राहायची. गाठीला पुरेसं द्यायचं तर मलाशयाच्या सर्वाधिक मात्रा घेणाऱ्या २ घन सेंटिमीटर भागाला त्या एका बैठकीत ६ ग्रे जात होते.

६ हा आकडा ७पेक्षा कमी दिसतो, म्हणून नवख्याला तो घाबरवत नाही. पण आतड्यासारखे उशिरा प्रतिक्रिया देणारे अवयव मोठ्या एकेरी मात्रेला फार संवेदनशील असतात. २ ग्रेच्या हिशेबात हे ६ ग्रे जवळपास ११ होतात. चारही बैठका अशाच झाल्या तर ४३, आणि बाहेरचे ५०, एकूण ९३. मर्यादा आहे ७५. ती इतकी ओलांडली की काही महिन्यांनी, कधी वर्ष-दोन वर्षांनी, शौचावाटे रक्त जायला लागतं, जखम होते, आणि फार वाईट झालं तर मलाशय आणि योनी यांच्यामध्ये भोक पडतं. कर्करोग बरा झालेली बाई मग उरलेलं आयुष्य त्या त्रासात काढते. मी अशा बाया पाहिल्या आहेत. त्या चारचौघांत बसायचं सोडतात.

बैठकीत दोघांनी सांगितलेला संवाद साधारण असा:

“डॉक्टर, हे प्लॅनमध्ये सुटणारं नाही. परत आत जाऊन नीट बसवावं लागेल.”

“सर, पहिलंच फ्रॅक्शन आहे. पुढच्या तिनांत भरून काढू ना.”

“पुढच्या तिनांत काय वेगळं होणार आहे?”

निवासी डॉक्टरचं म्हणणं गणिताने पाहिलं तर अगदीच चुकीचं नव्हतं, हे नोंदवणं मला गरजेचं वाटतं. एक बैठक ६ ग्रेची आणि उरलेल्या तीन चांगल्या, ३.८च्या झाल्या, तर बेरीज ७६च्या आसपास येते. चारही बैठकांचा एकत्रित हिशेब धरणं ही मान्य पद्धतच आहे. पण पुढच्या तीन चांगल्या होतील असं मानायला काही कारण नव्हतं. हात तोच, पद्धत तीच, आणि पाहणारं कुणी नाही. शिवाय ओव्हॉइड घसरल्याने फक्त आतडं धोक्यात येत नाही, गर्भाशयमुखाजवळच्या गाठीलाही कमी मिळतं. ते नंतर भरून काढण्याचा हिशेब इतका सरळ नसतो.

फिजिसिस्टने कन्सल्टंटना फोन केला. ते आले, प्रतिमा पाहिल्या आणि अॅप्लिकेटर काढायला सांगितला. एक दिवस सोडून पुन्हा स्पायनल, पुन्हा उपाशीपोटी थांबणं, सोबत आलेल्या मुलाचा आणखी एक रोज बुडणं. या वेळी कन्सल्टंट हातमोजे घालून शेजारी उभे राहिले. आधी मागे, ओव्हॉइडच्या खालून, ओलसर गॉज घडी घालत नेला. मग पुढे. ओव्हॉइडच्या वर एकही घडी जाऊ दिली नाही. टेबलवरच सी-आर्म या फिरत्या एक्स-रे यंत्राखाली बाजूची प्रतिमा घेतली. मलाशयाची मात्रा ३.८ ग्रेवर आली. २ ग्रेच्या हिशेबात ५ पेक्षा थोडी जास्त. उरलेल्या तिन्ही बैठकाही त्याच्या आसपास राहिल्या. एकूण बेरीज ७१. उपचार आठ आठवड्यांत पूर्ण झाले.

लॉगबुकमध्ये काय होतं

आढाव्यात आम्ही निवासी डॉक्टरचं लॉगबुक मागवलं. ब्रॅकीथेरपीच्या पानांवर नोंदी भरपूर होत्या. तारीख, रुग्णाचा क्रमांक, टप्पा, ‘पर्यवेक्षणाखाली केले’, आणि शेजारी सही. तपासणीला कुणी आलं असतं तर समाधानाने मान डोलावली असती.

या नोंदी खोट्या नव्हत्या. अॅप्लिकेटर तिनेच बसवले होते. पण पर्यवेक्षण म्हणजे काय, हा प्रश्न विचारला तेव्हा उत्तर आलं की प्लॅन सर पाहायचे. प्लॅन म्हणजे आधीच बसलेल्या नळ्यांभोवती काढलेलं मात्रेचं चित्र. बसवण्याची क्रिया कुणी पाहिलीच नव्हती. मग पॅकिंग शिकवलं कोणी? आधीच्या तुकडीतल्या सीनियरने. त्याला कोणी शिकवलं? त्याच्या सीनियरने. कधीतरी कुणीतरी मागच्या बाजूला गॉज कमी भरायला लागलं. कदाचित रुग्णाला कमी दुखावं म्हणून, कदाचित रांग मोठी होती म्हणून. पुढच्या प्रत्येकाने तेच शिकलं आणि प्रत्येकाच्या लॉगबुकवर सही होत गेली.

ती निवासी डॉक्टर हुशार आहे. मर्यादांचे आकडे तिला तोंडपाठ होते. पॉइंट ए कुठे घ्यायचा, मँचेस्टर पद्धत काय, नव्या शिफारशींत गाठीचा भाग कसा आखायचा, सगळं तिने नेमकं सांगितलं. लेखी परीक्षेत तिला चांगलेच गुण मिळाले असते. लाँग केस, शॉर्ट केस, तोंडी परीक्षा यातही ती अडली नसती. एम.डी. असो की डी.एन.बी., तीन वर्षांच्या शेवटी परीक्षक तिच्या डोक्यात काय आहे ते तपासतात. रुग्णाच्या शरीरात तिचा हात कसा चालतो, हे पाहायची संधी परीक्षकाला फारशी मिळत नाही. ते पाहण्याची जबाबदारी विभागावर सोडलेली आहे आणि विभागाने ती सहीवर सोडली होती.

विभागाचं म्हणणं होतं की काम फार आहे. ते मी मान्य करते, पण एवढ्यावर सोडून देत नाही. निवासी डॉक्टरांचा दिवस कशात जातो याची यादी आम्ही त्यांच्याकडूनच करून घेतली. योजनेच्या पूर्वमंजुरीची कागदपत्रं अपलोड करणं, शंका आल्या की उत्तरं देणं, रुग्णाचे फोटो, डिस्चार्ज समरी, आरोग्यमित्राकडे खेटे, रक्ततपासण्यांचा पाठपुरावा. यातलं काही डॉक्टरने करायलाच हवं. बरंचसं दुसरं कुणी करू शकतं. कन्सल्टंटकडे वेळ नाही आणि निवासी डॉक्टरकडेही नाही, अशा स्थितीत सगळ्यात आधी बळी पडते ती एकत्र उभं राहून शिकण्याची अर्धा तासाची वेळ. तिची अनुपस्थिती कुठल्याच रजिस्टरमध्ये दिसत नाही.

यंत्राच्या बाबतीत आपण असं चालवून घेत नाही. नवा सोर्स आला की त्याचा जोर फिजिसिस्ट स्वतः मोजतो आणि कंपनीच्या प्रमाणपत्राशी ताडून पाहतो. नळीतली सोर्सची जागा १ मिलिमीटरच्या आत बरोबर असावी लागते. दाराचा इंटरलॉक, टायमर, आणीबाणीत सोर्स मागे येतो की नाही, हे सगळं तपासलं जातं, कारण अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम तसे आहेत आणि पात्र फिजिसिस्ट व किरण सुरक्षा अधिकाऱ्याशिवाय यंत्र चालवायला परवानगीच मिळत नाही. इथे सोर्स १ मिलिमीटरपर्यंत अचूक होता आणि तो ज्या नळीतून जायचा ती दीड सेंटिमीटर खाली होती.

हात महत्त्वाचा हे कशावरून

आढाव्यात एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारलं की पॅकिंगसारख्या गोष्टीने खरंच एवढा फरक पडतो का, आजकाल तर प्लॅनिंगमध्ये सगळं जुळवता येतं. प्रश्न रास्त होता. अमेरिकेतल्या दोन चाचण्यांमधल्या १०३ रुग्णांच्या अॅप्लिकेटरच्या प्रतिमा नंतर तज्ज्ञांनी तपासल्या, तो अभ्यास २०१२ साली आला. ज्यांचे ओव्हॉइड गर्भाशयमुखापासून सरकलेले होते त्यांच्यात रोग त्याच जागी पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण जास्त होतं. ज्यांचं पॅकिंग नीट नव्हतं त्यांच्यात रोगमुक्त राहण्याचं प्रमाण कमी होतं. 

त्याच देशात १९८८ ते २००९ या काळात गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी ब्रॅकीथेरपीचा वापर ८३ टक्क्यांवरून ५८ टक्क्यांवर आला. आधुनिक बाह्य किरणोपचार हाताशी होते आणि हे हाताचं कसब मागे पडत गेलं. ज्यांना ब्रॅकीथेरपी मिळाली नाही त्यांचं आयुष्यमान कमी भरलं. तिथले निवासी डॉक्टर मुख्य अडचण सांगतात ती रुग्णच कमी असण्याची, हात बसायला पुरेशा केस मिळत नाहीत.

सोलापुरात ती अडचण नाही. इथे दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, मंगळवेढ्यापासून ते सीमेपलीकडच्या विजयपूर, कलबुर्गीपर्यंतच्या बाया येतात. याच जिल्ह्यात बार्शीला १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली आणि गावाकडच्या बायांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग किती आहे हे त्या नोंदींनी कागदावर आणलं. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि टाटा यांनी शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांवर केलेला तपासणीचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे त्याने जगाला दाखवलं. ज्या मुलखाने हे काम केलं तिथे तयार होणाऱ्या डॉक्टरने आतला शेक देण्यात देशात कुणाच्या मागे राहायचं कारण नाही. केस आहेत, यंत्र आहे, मुलं मेहनती आहेत. पण नुसत्या संख्येने हात बसतो तसाच चुकीच्या सवयीतही बसतो, आणि जितक्या जास्त केस तितकी ती सवय घट्ट. म्हणून ‘आमच्याकडे रुग्ण खूप, त्यामुळे शिक्षण चांगलं’ हा युक्तिवाद, जो मी पुष्कळ ठिकाणी ऐकते, मला अर्धवट वाटतो.

काय बदललं, काय अडलं

विभागाने काही गोष्टी मनापासून केल्या. अॅप्लिकेटर बसवल्यावर रुग्णाला टेबलवरून हलवण्याआधी समोरून आणि बाजूने सी-आर्मची प्रतिमा घ्यायची. टँडम मध्यावर आहे का, ओव्हॉइड टेकले आहेत का, पॅकिंग मागे पुरेसं आहे का आणि ओव्हॉइडच्या वर गेलंय का, हे निवासी डॉक्टरने आधी स्वतः मोठ्याने सांगायचं, मग कन्सल्टंटने मत द्यायचं. क्रम मुद्दाम असा ठेवला. सीनियर आधी बोलला की ज्युनियर मान हलवतो आणि त्याला काय दिसलं होतं ते कधीच कळत नाही. ज्या गॉजच्या कडेला प्रतिमेत दिसणारा धागा असतो, तसाच गॉज पॅकिंगला वापरायचं ठरलं. त्याआधी कुठला मिळेल तो वापरला जायचा.

दुसरा बदल मला जास्त मोलाचा वाटतो. प्रत्येक निवासी डॉक्टरने स्वतः बसवलेल्या रुग्णांची वेगळी वही ठेवायची आणि ते रुग्ण तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी फॉलो-अपला आले की स्वतः तपासायचे. आले नाहीत तर फोन करायचा. किरणोपचारात झालेल्या चुकीची शिक्षा उशिरा मिळते आणि ती रुग्णाला मिळते. तोवर निवासी डॉक्टर दुसऱ्या पोस्टिंगला किंवा दुसऱ्या शहरात गेलेला असतो. आपण लावलेल्या शेकाने कुणाच्या आतड्याला काय झालं हे कधीच न पाहता माणूस विशेषज्ञ होतो. अक्कलकोटच्या त्या बाईला पहिल्या फॉलो-अपला याच निवासी डॉक्टरने तपासलं, सिस्टरांना मध्ये घेऊन, कन्नडमध्ये विचारत. योनिमार्ग आक्रसू नये म्हणून डायलेटर कसा वापरायचा हेही तेव्हाच समजावलं. तो सल्ला डिस्चार्जच्या कागदावर इंग्रजीत छापलेला होता आणि बाईला त्यातलं काही कळलेलं नव्हतं.

साप्ताहिक प्लॅन-आढावा बैठक मात्र डळमळीत आहे. लिनॅक (बाहेरून किरण देणारं यंत्र) बंद पडला, ओपीडी लांबली, परीक्षा आल्या की ती रद्द होते. मोठ्या केंद्रात निवासी डॉक्टरला काही आठवडे पाठवायचं ठरलं, पण तेवढ्या काळात कागदांचं काम कोण करणार यावर ते अडून आहे. भारतीय रेडिएशन ऑन्कोलॉजिस्टांच्या संघटनेचे निवासी डॉक्टरांसाठीचे अभ्यासवर्ग उपयोगी आहेत, तिकडे एकदोघं जाऊन आली. त्याने ज्ञान वाढतं. शेजारी उभं राहून हात धरणारं माणूस वर्गात मिळत नाही.

लॉगबुकचा प्रश्नही अर्धाच सुटला आहे. मी तीन रकाने सुचवले होते: नळ्या बसवताना खोलीत कोण वरिष्ठ हजर होतं, प्रतिमा पाहून काय दुरुस्ती करावी लागली, आणि मलाशय व मूत्राशयाची मात्रा किती आली. शेवटचे दोन विभागाने लगेच घेतले. ‘कोण हजर होतं’ या रकान्यावर चर्चा झाली. ते लिहिलं तर कन्सल्टंटवर अविश्वास दाखवल्यासारखं होईल, असं एकाचं मत पडलं. फिजिसिस्टने सांगितलं की त्याच्या क्यूएच्या, म्हणजे यंत्राच्या तपासणीच्या, वहीत रोज सकाळी कोणी मोजलं त्याचं नाव लिहावंच लागतं आणि त्यात त्याला कधी अपमान वाटला नाही. निर्णय पुढच्या बैठकीवर ठेवला आहे. त्या बैठकीलाही मी जाणार आहे आणि हा रकाना पुन्हा मांडणार आहे. तोवर त्या निवासी डॉक्टरने स्वतःच्या वहीत तो स्वतःच आखून घेतला आहे.